मोकळ्या ओळीवर टेकलेला मेनू : बूटस्ट्रॅप आणि जेएसमिनचं प्रकरण

बूटस्ट्रॅप म्हणजे वेबपानं बांधण्यासाठीचा तयार कोडचा संच. एप्रिल २०१२मध्ये त्याच्या गिटहबवरच्या रेपोत, म्हणजे कोडच्या सार्वजनिक साठ्यात, एक साधी तक्रार आली. ड्रॉपडाउनची, म्हणजे क्लिक केल्यावर उघडणाऱ्या मेनूची, फाइल जेएसमिन या कोड आवळणाऱ्या साधनातून काढली की मोडते, एका ठिकाणी सेमीकोलन (;) घाला म्हणजे काम भागेल. मागणी एका चिन्हाची होती. त्यावरून पेटलेल्या वादात जेएसमिनचे कर्ते डग्लस क्रॉकफर्ड उतरले, बूटस्ट्रॅपचे सहकर्ते जेकब थॉर्न्टन उतरले आणि शेवटी ज्यांनी जावास्क्रिप्ट ही भाषा घडवली त्या ब्रेंडन आइक यांनाही त्यावर लिहावं लागलं.

त्या वादातली शेरेबाजी विसरली तरी चालेल. कोड मात्र नीट पाहण्यासारखा आहे. गेली काही वर्षं मी एक लहान ओपन सोर्स लायब्ररी सांभाळतो, आणि नवीन कुणी मदतीला आलं की पहिल्या आठवड्यात मी त्यांना हेच प्रकरण सांगतो. फाइली जोडणं आणि त्या आवळणं (अनावश्यक अक्षरं काढून लहान करणं) ही कामं आपण बिल्डच्या, म्हणजे कोड वाटपासाठी तयार करण्याच्या, शेवटच्या पायरीवर ढकलतो आणि त्यांच्याकडे पाठ फिरवतो. इथे नेमकं त्याच पायरीवर काय होतं ते दोन ओळींत दिसतं.

त्या दोन ओळी

ट्विटरमध्ये काम करणाऱ्या मार्क ओटो आणि जेकब थॉर्न्टन यांनी ऑगस्ट २०११मध्ये बूटस्ट्रॅप सगळ्यांसाठी खुलं केलं. जानेवारी २०१२च्या अखेरीस दुसरी आवृत्ती आली. तिच्यात जावास्क्रिप्टचे बारा प्लगइन, म्हणजे सुटे जोडभाग, होते, आणि थॉर्न्टन यांची लिहिण्याची पद्धत ठरलेली होती : ओळीच्या शेवटी सेमीकोलन नाही, स्वल्पविराम पुढच्या ओळीच्या सुरुवातीला, आणि लहानसहान अटींसाठी ‘इफ’ न लिहिता दोन अँपरसँडचं चिन्ह (&&) : डावीकडचं खरं असेल तरच उजवीकडचं करायचं.

ड्रॉपडाउनच्या बटणावर क्लिक झाली की करायचं एवढंच : तो मेनू आधीच उघडा होता का ते लक्षात ठेवायचं, पानावरचे सगळे उघडे मेनू मिटायचे, आणि हा आधी मिटलेला असेल तर उघडायचा. मूळ कोडमधली नावं मराठीत करून त्या दोन ओळी लिहितो :

मेनू_मिटा()
!उघडा_होता && डबा.उलटव('उघडा')

(जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलला देवनागरी नावं चालतात. ही नावं आधी घोषित केली की या दोन ओळी अशाच चालवून पाहता येतात, आणि पाहाव्यात.)

पहिल्या ओळीच्या शेवटी काही नाही. दुसरी ओळ उद्गारचिन्हाने, म्हणजे नकाराच्या चिन्हाने सुरू होते. ब्राउझर हे बिनतक्रार चालवतो, कारण भाषेच्या नियमांत सेमीकोलन आपोआप घालण्याची तरतूद आहे. नियम सांगतो की वाचता वाचता असं चिन्ह आलं, जे आधीच्या मजकुराला व्याकरणाने जोडताच येत नाही, तर तीन परिस्थितींत त्याच्या आधी सेमीकोलन आहे असं धरावं : मध्ये ओळ तुटलेली असेल, ते चिन्ह बंद होणारा महिरपी कंस असेल, किंवा फाइलच संपली असेल. इथे बंद कंसानंतर उद्गारचिन्ह आलं. जावास्क्रिप्टमध्ये उद्गारचिन्ह दोन गोष्टींच्या मध्ये बसत नाही, ते एका गोष्टीच्या पुढेच लागतं. म्हणजे जोड अशक्य. मध्ये ओळ तुटलेली आहे. म्हणून सेमीकोलन धरला जातो आणि दोन स्वतंत्र विधानं तयार होतात. थॉर्न्टन यांचा कोड नियमात बसत होता, यात शंका नाही.

पण या दोन विधानांच्या मधली भिंत म्हणजे फक्त ओळ तुटण्याचं ते अदृश्य अक्षर होतं. ते गेलं की भिंत गेली.

जेएसमिन काय करतं

जेएसमिन हे सी भाषेतलं छोटं साधन आहे. क्रॉकफर्ड यांनी ते या शतकाच्या अगदी सुरुवातीला लिहिलं. ते कोड ‘समजून’ घेत नाही. एका बाजूने अक्षरं येतात, दुसऱ्या बाजूने जातात, आणि मध्ये फक्त दोन अक्षरं हातात धरलेली असतात : हे आणि पुढचं. कॉमेंट (माणसांसाठी लिहिलेली टीप) दिसली की गाळायची, जास्तीच्या स्पेस गाळायच्या, आणि ओळ तुटली असेल तर आजूबाजूची दोन अक्षरं बघून ती ठेवायची की नाही ते ठरवायचं.

हे ठरवण्याची यादी त्याच्या माहितीपत्रकातच छापलेली होती. ओळीनंतरचं अक्षर हे मुळाक्षर, अंक, डॉलर, अंडरस्कोर, बॅकस्लॅश, उघडणारा कंस, अधिक किंवा उणे यांपैकी असेल, तर ओळ राहते. आधीच्या अक्षरासाठीही अशीच यादी आहे, आणि तिच्यात बंद होणारे कंस, अवतरणचिन्हं वगैरे येतात. देवनागरी नावांचीही गंमत त्यात आहे : १२६च्या पुढची प्रत्येक बाइट जेएसमिन अक्षर म्हणून धरतं, त्यामुळे आपली मराठी नावं सुखरूप बाहेर येतात. ओळीनंतरच्या यादीत उद्गारचिन्ह मात्र त्या वेळी नव्हतं.

म्हणून पहिल्या ओळीच्या बंद कंसापर्यंत सगळं ठीक चाललं. मग ओळ तुटली, पुढे उद्गारचिन्ह दिसलं, यादीत नाही म्हणून जेएसमिनने ओळ गाळली आणि बाहेर हे आलं :

मेनू_मिटा()!उघडा_होता&&डबा.उलटव('उघडा')

आता ब्राउझरच्या हातात सेमीकोलन धरायला निमित्तच उरलेलं नाही. कंसाला उद्गारचिन्ह जोडता येत नाही, ओळ तुटलेली नाही, महिरप नाही, फाइल संपलेली नाही. सिंटॅक्स एरर, म्हणजे व्याकरणाची चूक. जुन्या मोडी कागदांत शब्द न तोडता सलग लिहीत, आणि वाचणारा अर्थावरून शब्द सोडवत जाई. ब्राउझर अर्थावरून काही सोडवत नाही.

हीच फाइल बूटस्ट्रॅपच्या स्वतःच्या बिल्डमधून कशी जायची? ते लोक अग्लिफायजेएस वापरत. मिहाई बाझोन यांचं हे साधन जावास्क्रिप्टमध्येच लिहिलेलं आहे आणि त्याची रीत मुळातून वेगळी आहे. ते आधी सगळा कोड वाचून त्याचं झाड बांधतं. कुठलं विधान कुठे संपलं, कुठली फांदी कुणाची, हे कळल्यावर मूळ मजकूर बाजूला ठेवतं आणि झाडावरून नवा मजकूर लिहून काढतं. त्या नव्या मजकुरात आपल्या दोन ओळींच्या मध्ये स्वल्पविराम येतो, कारण अग्लिफायला सलग विधानं स्वल्पविरामाने गुंफायची सवय आहे. ‘फॉल्स’ हा शब्दसुद्धा ते उद्गारचिन्ह आणि एक असा दोन अक्षरांत लिहितं. झाड बांधलं की ओळ कुठे तुटली होती याचं काम संपतं, अर्थ झाडात शिरलेला असतो.

म्हणून बूटस्ट्रॅपची आवळलेली अधिकृत फाइल ठणठणीत होती. मोडत होतं ते दुसऱ्यांच्या घरी.

जोडणी : इथे खरं नुकसान होतं

बूटस्ट्रॅपचं बिल्ड त्या काळी एका मेकफाइलमध्ये (बिल्डच्या आज्ञांच्या फाइलीत) होतं आणि जोडणीसाठी युनिक्सची साधी ‘कॅट’ आज्ञा होती. बारा फाइलींची नावं एकापुढे एक लिहिलेली, आणि शेवटी बाण, एका फाइलकडे. क्रमाकडे नीट पाहिलं तर एक बारकावा दिसतो. आधी ट्रान्झिशन, कारण बाकीच्यांना ते लागतं. मग अलर्ट, बटन, कॅरोसेल, कोलॅप्स, ड्रॉपडाउन, मोडल अशी वर्णानुक्रमाने रांग. मग मध्येच टूलटिप, आणि त्यानंतर पॉपओव्हर. टूलटिपने रांग मोडली आहे, कारण पॉपओव्हर हा टूलटिपच्याच अंगावर उभा आहे. तो क्रम उलटला तर पॉपओव्हर जन्मालाच येत नाही. अवलंबित्व सांगणारी दुसरी कुठलीच व्यवस्था तेव्हा नव्हती, मेकफाइलमधला तो क्रम हीच व्यवस्था.

जोडून झाल्यावर अग्लिफाय. मग आणखी एक पायरी, जी मला फार आवडते : लायसन्सचा मजकूर वेगळ्या फाइलीत लिहायचा आणि आवळलेल्या फाइलीच्या डोक्यावर पुन्हा ‘कॅट’ने चिकटवायचा. बूटस्ट्रॅप तेव्हा अपाची २.० लायसन्सखाली होतं. आवळताना कॉमेंटी जातात आणि कॉमेंटींबरोबर हक्कांची सूचनाही जाते. ओपन सोर्समध्ये ही सूचना गळू देऊन चालत नाही. पुढे बऱ्याच साधनांनी कॉमेंटच्या सुरुवातीला उद्गारचिन्ह असेल तर ती राखायची अशी रीत पाळायला सुरुवात केली. वाययूआय कम्प्रेसर या आवळणाऱ्या साधनात ती आधीपासून होती.

जोडणी का करायची हे त्या काळच्या ब्राउझरांकडे पाहिलं की कळतं. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आणि ७ एका होस्टकडून एका वेळी दोनच फाइली मागवत. बारा प्लगइन बारा स्क्रिप्ट टॅगांतून आणायचे म्हणजे पान ताटकळत राहणार. म्हणून प्रत्येक साइट स्वतःच्या स्क्रिप्ट, बूटस्ट्रॅप, जेक्वेरी या लायब्ररीचे इतर प्लगइन सगळं एकत्र करून एकच फाइल पाठवायची. हे करणारी साधनं बहुतेक वेळा सर्व्हरवरच बसलेली असत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या पोटात जेएसमिन होतं. सीमधलं मूळ नव्हे, तर पीएचपी, पायथन, रूबी, पर्ल अशा भाषांत लोकांनी केलेली त्याची रूपं.

आता वरची सिंटॅक्स एरर या चित्रात ठेवून पाहा. मी दोन पानं करून हे स्वतः तपासलं. एका पानावर बारा वेगळे टॅग, आणि ड्रॉपडाउनची फाइल जेएसमिनच्या जुन्या नियमाने आवळलेली. ड्रॉपडाउन मेलं, बाकी अकरा प्लगइन चालू. मोडल उघडतं, टॅब बदलतात, कॅरोसेल फिरतं. दुसऱ्या पानावर त्याच बारा फाइली जोडून एक केलेली. तिथे काहीच चालत नाही. ट्रान्झिशन नाही, अलर्ट नाही, काही नाही. रांगेत ड्रॉपडाउनच्या आधी असलेले प्लगइनसुद्धा नाहीत. कारण ब्राउझर पहिली ओळ चालवण्याआधी सगळी स्क्रिप्ट व्याकरणाने तपासतो, आणि तपासणीचा घटक म्हणजे अख्खी स्क्रिप्ट. कुठेही एक चिन्ह चुकलं की सगळी नाकारली. साइटचा स्वतःचा कोडही त्याच फाइलीत असेल तर तोही गेला. फॉर्मची तपासणी, बेरजा, सगळं.

वेगळ्या फाइली म्हणजे वेगळ्या खोल्या, एकीत पाणी शिरलं तर बाकीच्या कोरड्या राहतात. जोडणी त्या भिंती पाडते. वेगासाठी आपण ते मुद्दाम करतो आणि ते योग्यही होतं. पण मग प्रत्येक फाइलीने शेजाऱ्याच्या भरवशावर न राहता उभं राहायला हवं, ही अट आपोआप लागू होते. ती कुणी लिहून ठेवत नाही.

या अटीचा एक आणखी छळणारा प्रकार मी स्वतः भोगला आहे. एका संस्थेच्या साइटवर शुक्रवारी संध्याकाळी सगळी कॅलेंडरं बंद पडली. कन्सोलमध्ये एरर दिसत होती ती कॅलेंडरच्या प्लगइनमध्ये, ‘हे फंक्शन नाही’ अशी. दोन तास आम्ही कॅलेंडरची फाइल उलटीपालटी केली. ती निर्दोष होती. दोष तिच्या आधीच्या फाइलीचा होता, आमच्याच एका जुन्या फाइलीचा. तिचा शेवट असा होता :

गणक = मांडणी

सेमीकोलन नाही. आणि कॅलेंडरची फाइल उघडणाऱ्या कंसाने सुरू होत होती, जशा त्या काळातल्या बहुतेक फाइली होत. जोडल्यावर ब्राउझरने वाचलं ते असं : मांडणी या फंक्शनला हा कंस म्हणजे पॅरामीटर द्या. इथे ओळ तुटलेली असूनही काही उपयोग नाही, कारण नावानंतर उघडणारा कंस व्याकरणात बसतो, जोड शक्य आहे, मग सेमीकोलन कशाला धरायचा? सिंटॅक्स एररसुद्धा येत नाही. चुकीच्या फाइलीवर बोट ठेवणारी, भलत्याच अर्थाची एरर येते. कितीतरी जुन्या जेक्वेरी प्लगइनांच्या पहिल्याच जागी एकटा सेमीकोलन दिसतो तो यासाठी. मागच्या फाइलीने दार लावलं नसेल तर आपण लावून घ्यायचं.

‘कॅट’बद्दलचं आणखी एक सांगतो आणि पुढे जातो. ती आज्ञा दोन फाइलींच्या मध्ये काहीही घालत नाही, साधी नवी ओळसुद्धा नाही. एखाद्या फाइलीची शेवटची ओळ दोन तिरप्या रेघांची कॉमेंट असेल आणि त्यापुढे एंटर मारलेला नसेल, तर पुढच्या फाइलीची पहिली ओळ त्या कॉमेंटीत गडप होते.

कोण काय म्हणालं

थॉर्न्टन यांचं म्हणणं सरळ होतं. कोड वैध आहे, सगळ्या ब्राउझरांत चालतो, आमच्या बिल्डमध्ये चालतो. जे साधन वैध कोड मोडतं ते दुरुस्त व्हायला हवं.

क्रॉकफर्ड यांनी या कोडला कमालीचा मूर्खपणाचा म्हटलं, आणि अशा एका प्रकारासाठी आपण जेएसमिन खालच्या पायरीवर आणणार नाही असं बजावलं. त्यांच्या बोलण्यात शब्दांपलीकडचा एक मुद्दाही होता. भाषेची घडी बसवणाऱ्या टीसी३९ समितीत उद्गारचिन्ह दोन गोष्टींच्या मध्ये बसणारं चिन्ह म्हणून वापरण्याचा विचार चालू आहे, तसं झालं तर हा कोड उद्या ब्राउझरमध्येच मोडेल, असं त्यांनी सांगितलं. विधानं वेगळी करायला सेमीकोलन आहे, उद्गारचिन्ह नव्हे.

आइक यांची भूमिका मला सगळ्यांत नेमकी वाटते. आपोआप सेमीकोलन घालणं ही चूक दुरुस्त करण्याची सोय आहे, ओळ तुटली की विधान संपलं असा नियम जावास्क्रिप्टमध्ये नाही, असं त्यांनी लिहिलं. ओळींना अधिक अर्थ द्यायला हवा होता, अशी हळहळही त्यांनी व्यक्त केली. मे १९९५मध्ये दहा दिवसांत भाषा घडवताना ते राहून गेलं आणि आता ते जहाज केव्हाच निघून गेलं. आणि जिथे ‘इफ’ने काम चांगलं होतं तिथे अँपरसँड ओढूनताणून वापरू नका, असा साधा सल्लाही दिला.

माझा निवाडा

भाषेच्या नियमांपुढे थॉर्न्टन बरोबर होते. जेएसमिन स्वतःबद्दल म्हणत असे की आवळल्याने प्रोग्रामचं वागणं बदलत नाही. इथे बदललं. त्या अर्थाने दोष साधनाचा.

तरीही दुरुस्ती लायब्ररीतच व्हायला हवी होती, आणि ती पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती, असं मी ठामपणे म्हणतो. लायब्ररी लिहिणाऱ्याचा कोड त्याच्या एकट्याच्या बिल्डमधून जात नाही. कुणाच्या सर्व्हरवर कुठलं साधन, किती जुनं, कुठल्या भाषेतलं रूप, हे त्याला कधीच कळणार नाही. क्रॉकफर्ड यांनी त्याच रात्री सीमधली फाइल सुधारली असती तरी पीएचपीतल्या रूपाला ते कळलं नसतं, आणि ते रूप ज्या साइटवर तीन वर्षांपूर्वी बसवलं होतं तिला तर मुळीच नाही. याउलट बूटस्ट्रॅपची पुढची आवृत्ती लोक स्वतःहून उतरवून घेणारच होते. दुरुस्ती जिथून सगळ्यांत लांब पोचते तिथे ती करावी. खर्च किती? एक शब्द.

क्रॉकफर्ड यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. जेएसमिनचं माहितीपत्रक लिहिणाऱ्याकडे उघड उघड सहकार्य मागत असे. अधिक आणि उणे यांच्या गोंधळाच्या रांगा असतील तिथे कंस घाला, नाहीतर स्पेस गेल्यावर दोन वेगळी चिन्हं एक होऊन अर्थ बदलतो, असं त्यात उदाहरणासकट होतं. म्हणजे हे साधन नेहमीच ‘तुम्ही असं लिहा, मग मी नीट आवळतो’ या करारावर चालत होतं. झाड न बांधता दोन अक्षरांवर निर्णय घ्यायचा तर दुसरा मार्गही नाही. त्या बदल्यात ते इतकं लहान होतं, की कुणीही एका बैठकीत आपल्या भाषेत उतरवून घ्यावं.

त्यांचा भविष्याचा मुद्दा मात्र टिकला नाही. मध्ये बसणारं उद्गारचिन्ह एकाच वेळी चालणाऱ्या कामांसाठीच्या एका प्रस्तावात खरोखर होतं, पण ते भाषेत आलं नाही. २०१६मध्ये टाइपस्क्रिप्ट या जावास्क्रिप्टवर बेतलेल्या भाषेच्या २.० आवृत्तीने नावाच्या मागे लागणारं उद्गारचिन्ह आणलं, ‘ही गोष्ट रिकामी नाही’ एवढं सांगण्यासाठी, तेव्हा ते त्याच ओळीवर असेल तरच तसं मानायचं असं ठेवलं. ओळ तुटून आलेलं उद्गारचिन्ह आजही नव्या विधानाची सुरुवातच असतं. थॉर्न्टन यांच्या त्या दोन ओळी आजही ब्राउझरमध्ये चालतात.

पुढे काय झालं

एप्रिल २०१२ संपायच्या आतच बूटस्ट्रॅप २.०.३ आलं. त्यात त्या जागी सेमीकोलन नव्हता. ओळ अशी लिहिली होती : जर उघडा नव्हता, तर डबा उलटव. म्हणजे साधा ‘इफ’. आइक यांच्या सल्ल्यासारखंच. ‘इफ’ हा शब्द अक्षराने सुरू होतो, अक्षर जेएसमिनच्या यादीत आहे, म्हणून त्याच्या आधीची ओळ जेएसमिन गाळत नाही. थॉर्न्टन यांची सेमीकोलनशिवाय लिहिण्याची पद्धत शाबूत राहिली आणि फाइल जेएसमिनमधूनही सुखरूप जाऊ लागली.

जेएसमिनच्या नंतरच्या सी फाइलीत, ओळीनंतरच्या अक्षरांच्या यादीत, अधिक आणि उणे यांच्या खाली दोन नवी चिन्हं दिसतात. एक उद्गारचिन्ह, दुसरं टिल्ड (~). नकार दिलेली दुरुस्ती शेवटी झाली.

बूटस्ट्रॅपच्या दुसऱ्या मालिकेत प्रत्येक फाइल उद्गारचिन्ह आणि ‘फंक्शन’ या शब्दाने सुरू व्हायची. म्हणजे दोन फाइलींच्या सांध्यावरही तीच गत होती : मागच्या फाइलीच्या शेवटी सेमीकोलन नसेल तर मधली ओळ हीच भिंत. २०१३मध्ये तिसरी मालिका आली तेव्हा उद्गारचिन्हाच्या जागी अधिकचं चिन्ह आलं, आणि फाइलीच्या शेवटी सेमीकोलनही होता. अधिकचं चिन्ह दोन्हीकडे चालतं, एका गोष्टीच्या पुढे आणि दोन गोष्टींच्या मध्येही. त्यामुळे मधली ओळ गळली, शेवटचा सेमीकोलनही गळला, तरी ब्राउझर दोन फाइलींची बेरीज करतो. बेरजेतून काही उपयोगाचं निघत नाही, पण ती करण्यासाठी आधी दोन्ही फंक्शनं क्रमाने चालतात, आणि हवं होतं ते तेवढंच. कुणाच्याही घरी, कुठल्याही साधनाने जोडली तरी न मोडणारी फाइल ती हीच. तो सांधा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ बघत बसलो होतो.

जोडणीचं कारणही हळूहळू बदललं. मे २०१५मध्ये एचटीटीपी २, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या देवाणघेवाणीची नवी रीत, प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालं आणि सर्व्हरशी एकाच कनेक्शनवर अनेक फाइली समांतर येऊ लागल्या. तरी फाइली एकत्र करणं थांबलं नाही, कारण एकत्र आवळल्यावर त्या लहान होतात आणि मॉड्यूलांची, म्हणजे एकमेकींना नावाने मागवणाऱ्या फाइलींची, साखळी सोडवायला ब्राउझरला सर्व्हरकडे वारंवार जावं लागत नाही. बदललं ते ‘एकत्र करण्या’चं स्वरूप. ‘कॅट’ मजकुराला मजकूर चिकटवत होतं. २०१८च्या जानेवारीत बूटस्ट्रॅप ४ आलं तेव्हा फाइली मॉड्यूल झाल्या होत्या. त्या जोडणारं रोलअप हे साधन प्रत्येक मॉड्यूल वाचतं, कोण कुणावर अवलंबून आहे ते त्यांच्या ‘इम्पोर्ट’वरून काढतं आणि क्रम स्वतः लावतं. टूलटिप आधी की पॉपओव्हर आधी हे आता कुणाला मेकफाइलमध्ये लक्षात ठेवावं लागत नाही.

आमच्या लायब्ररीत या प्रकरणातून तीन गोष्टी आल्या. चाचण्या मूळ फाइलींवर चालतात तशाच आवळलेल्या फाइलीवरही चालतात, कारण लोकांच्या पानावर जाणार ती हीच फाइल. दुसरी थोडी विचित्र वाटेल : बिल्डमध्ये एक पायरी अशी आहे जी आमची फाइल मुद्दाम जेएसमिनच्या जुन्या, उद्गारचिन्ह नसलेल्या यादीने आवळते, मग त्याआधी आणि त्यानंतर दोन अनोळखी फाइली जोडते. पहिलीच्या शेवटी सेमीकोलन नाही, दुसरी कंसाने सुरू होते. हा गठ्ठा ब्राउझरमध्ये चालला पाहिजे. वर्षातून एखाददुसऱ्या वेळी ही पायरी लाल होते. तिसरी गोष्ट म्हणजे लायसन्सची ओळ आवळलेल्या फाइलीत आहे का, याची तपासणी.

सेमीकोलन लावायचा की नाही याचा नियम मात्र आम्ही केला नाही. नवीन मुलं विचारतात, तेव्हा मी त्यांना आजच्या बूटस्ट्रॅपची पाचवी मालिका उघडून दाखवतो. मूळ फाइलीत ओळीच्या शेवटी सेमीकोलन नाहीतच, आणि ते नसावेत हा नियम ईएसलिंट या कोड तपासणाऱ्या साधनात लिहून ठेवलेला आहे. मग शेजारच्या खिडकीत वाटपासाठी तयार होणारी, न आवळलेली फाइल उघडतो. ती बॅबल या कोडचं रूपांतर करणाऱ्या साधनाने झाडावरून लिहून काढलेली असते. तिच्यात ड्रॉपडाउनपर्यंत खाली जायला सांगतो. प्रत्येक विधानाच्या शेवटी सेमीकोलन आहे.